रकाना चौथा

रात्री अकराला आम्ही निघतो, मी आणि ऐनापुरे सर.
मागचं दार सुतळीनं बांधलेली व्हॅन,
सात चादरी, बिस्किटांचे पुडे,
आणि हे रजिस्टर.
मिरज जंक्शनपासून सुरुवात.

पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात वय,
तिसऱ्यात खूण : तीळ, व्रण, गोंदण.
चौथ्यात कायमचा पत्ता.
छापणाऱ्याला कुणी विचारलं नसावं,
बाबा, कुणासाठी छापतोयस हे?

दस्तगीर नदाफ दवाखान्याच्या भिंतीशी सापडला.
पायात रॉड, मांडीवर एक्स-रेची पिशवी.
भाऊ बिल भरून येतो म्हणून खाली गेलेला.
"येईल की," तो म्हणाला.
तो नववा दिवस होता.

चल म्हटलं तर उठेना.
भाऊ आला आणि मी इथं नसलो तर?
मग सरांनी वॉचमनच्या टेबलाच्या काचेखाली
आमचा नंबर सरकवला, ठळक अक्षरांत,
'नदाफच्या भावासाठी'.
तेव्हा त्यानं हात पुढे केला.
कागद अजून काचेखाली आहे.

पस्तीस वर्षं मार्केट यार्डात हळदीची पोती.
नखं अजून पिवळी,
बोटांच्या रेषा मात्र पोत्यांबरोबर गेल्या.
मशीन अंगठा घेईना.
एकदा अंगठ्यापायी परत आलो, एकदा पत्त्यापायी,
एकदा साहेब जेवायला गेले म्हणून.
शेवटी मी चौथ्या रकान्यात आमचाच पत्ता लिहिला :
निवारा, जुन्या जकात नाक्यामागे, सांगली.
वाचून दाखव म्हणाला.
परत वाच म्हणाला.
दुसऱ्या दिवशी न्हाव्यानं न विचारता
त्याला दाढी करता करता तो ऐकावा लागला, पिनकोडसकट.

पत्ता तरी कसला, म्हणा.
भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पुराची रेघ आहे.
आयर्विनला पाणी चाळीस फुटांवर गेलं
की आम्हीच गाद्या डोक्यावर घेऊन
शाळेचे वर्ग शोधत फिरतो.

आणि सगळे येतात असंही नाही.
पारूबाई चादर घेते, आत येते,
आधी दाराची कडी बघते, कुठल्या बाजूला आहे ते,
मग बाहेर जाऊन पायरीवर झोपते.
मी कधी विचारलं नाही.
पायरीवरचा दिवा तेवढा रात्रभर चालू ठेवते.

मार्चमध्ये देणगीदार येतात.
किती जणांना आसरा दिला?
बासष्ट, मी सांगते. ते लिहून घेतात.
कमल ऐवळे त्या बासष्टांत नाही.

तिची शेगडी घरमालकानं बोळात आणून ठेवली होती,
वर कुकर, कुकरात भिजवलेली डाळ.
तीन महिन्यांचं भाडं थकलेलं.
पोरगी दप्तर पाठीला लावून उभी,
शाळेत जायचं की इथं थांबायचं ते न कळून.
सर त्याच्या कट्ट्यावर जाऊन बसले.
आधी त्याच्या गुडघेदुखीवर बोलले,
मग द्राक्षाच्या दरावर, मग पुन्हा गुडघ्यावर.
दोन तासांनी भाड्यावर आले.
दोन महिने संस्थेनं भरले, तिसरा हप्त्यानं.
शेगडी आत गेली.
आम्ही बोळाच्या तोंडाशी पोचलो
तेव्हा कुकरची शिट्टी झाली.
सरांनी चष्मा पुसला, म्हणाले, धूळ फार आहे इथं.

न आलेल्यांना रकाना नाही.
मी शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिते :
शेगडी. एक दप्तर. एक कुलूप, न बदललेलं.
हिशेबनीस विचारतो, हे काय?
काही नाही म्हणते.

परवा विश्रामबागेत कमल समोरून आली,
हातात कोथिंबीर, पोरीवर ओरडत.
मला ओळखलं नाही तिनं.
बरं वाटलं.

साडेबारा. चादरी संपल्या.
दस्तगीर हल्ली आमच्याबरोबर येतो, बॅटरी धरायला.
फलाटाच्या टोकाला कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसलंय.
तो उजेड तोंडावर मारत नाही,
शेजारच्या जमिनीवर ठेवतो,
आणि लंगडत पुढे होऊन
आधी पत्ता सांगतो.